वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकेचे कृष्णवर्णीय सैनिक

गेल्या अंकात पोर्ट शिकागो या अमेरिकी नौदलाच्या तळावर १९४४ मध्ये झालेल्या स्फोटाबद्दल एक टिपण आलं होतं. त्या स्फोटात दारूगोळा भरणारे कृष्णवर्णीय खलाशी मोठ्या संख्येने मेले, आणि पुन्हा तेच काम करायला नकार देणाऱ्यांवर बंडाचा खटला चालला. त्यावर आलेल्या पत्रांचा रोख साधारण एकच आहे: देशासाठी लढायला निघालेल्या माणसांना सैन्याने असं वागवलं ते कोणत्या नियमांच्या आधारे? त्यामुळे या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

अमेरिकेच्या १९४० च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात वंश किंवा वर्णावरून भेदभाव करू नये असं कलम होतं, असं वाचनात आलं. मग वेगळ्या पलटणी कशा उभ्या राहिल्या? — एक शिक्षिका, सातारा

कलम होतं, आणि ते मोडल्याचं कोणालाही सिद्ध करता येऊ नये अशी सोय दुसऱ्याच महिन्यात झाली. सप्टेंबर १९४० मध्ये कायदा झाला. ऑक्टोबरमध्ये युद्धखात्याने धोरण जाहीर केलं की कृष्णवर्णीयांना लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे नऊ-दहा टक्के, भरती करू, पण गोऱ्या आणि काळ्या सैनिकांची सरमिसळ एका रेजिमेंटमध्ये करणार नाही. वेगळं ठेवणं म्हणजे भेदभाव नव्हे, हा तर्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्येच मान्य केला होता. युद्धखात्याने तोच वापरला.

एकदा वेगळेपण मान्य झालं की पुढचं आपोआप घडतं. स्वतंत्र बराकी, स्वतंत्र भोजनगृह, स्वतंत्र प्रशिक्षण केंद्र तयार असल्याशिवाय कृष्णवर्णीय माणसाला बोलावताच येत नव्हतं. त्यामुळे भरतीचे आदेशही वर्णानुसार वेगळे निघत, आणि नोंदणी झालेली हजारो तरुण माणसं नुसती वाट बघत राहत. नौदलात जून १९४२ पर्यंत त्यांना अधिकाऱ्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था बघणारे सेवक म्हणूनच घेत. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यात 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर डॉरिस मिलर या सेवकाने विमानविरोधी मशीनगन चालवली. त्या तोफेचं शिक्षण त्याला कधीच मिळालेलं नव्हतं. मे १९४२ मध्ये त्याला 'नेव्ही क्रॉस' हे नौदलाचं शौर्यपदक मिळालं.

अधिकाऱ्यांचं गणित याहून वाईट होतं. १९४० मध्ये नियमित सेनेत कृष्णवर्णीय अधिकारी होते पाच, आणि त्यांतले तिघे धर्मोपदेशक. उरलेले दोघे म्हणजे बेंजामिन डेव्हिस पितापुत्र. मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत असताना चार वर्षं सहाध्यायी त्याच्याशी कामापुरतंही धड बोलत नसत. पुढे युद्धात अधिकारी वाढले, तरी कोणत्याही तुकडीत काळा अधिकारी गोऱ्याच्या वर येऊ नये याची काळजी घेतली जाई.

कागदावरचा खेळ बघायचा असेल तर एप्रिल १९४५ मधला इंडियाना राज्यातला फ्रीमन फील्ड हा हवाई तळ बघावा. लष्कराचा नियम सांगत होता की तळावरचा अधिकाऱ्यांचा क्लब सर्व अधिकाऱ्यांना खुला असावा. तळाच्या प्रमुखाने नियम न मोडता वाट काढली. गोऱ्यांना 'प्रशिक्षक' आणि ४७७व्या बाँबफेकी गटातल्या कृष्णवर्णीयांना 'प्रशिक्षणार्थी' ठरवून दोघांना वेगवेगळे क्लब दिले. कृष्णवर्णीय अधिकारी लहान लहान गटांनी गोऱ्यांच्या क्लबात गेले आणि अटक झाली. मग सर्वांना तो आदेश वाचून मान्य असल्याची सही करायला सांगितलं. १०१ जणांनी नकार दिला. युद्धकाळात वरिष्ठाचा थेट आदेश मोडण्याची कमाल शिक्षा मृत्युदंड होती, हे ठाऊक असताना दिला. शेवटी खटला तिघांवर चालला आणि दंड एकालाच झाला, तोही धक्काबुक्कीच्या आरोपावरून.

ही माणसं लढाईत कमी पडत म्हणून मागच्या कामांना लावत, असं जुन्या इंग्रजी पुस्तकांत सापडतं. यात तथ्य किती? — एक निवृत्त सुभेदार, कोल्हापूर

आपण स्वतः सैन्यात होता, तेव्हा आधी मागच्या कामाचं मोल. ऑगस्ट १९४४ मध्ये मित्रसैन्य फ्रान्समध्ये इतक्या वेगाने पुढे गेलं की पेट्रोल आणि दारूगोळा मागे राहिला. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर 'रेड बॉल एक्सप्रेस' नावाची ट्रकवाहतूक रात्रंदिवस चालली. तिचे सुमारे तीन चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय होते. भर असताना जवळजवळ ६,००० ट्रक दिवसाला १२,००० टनांहून अधिक माल नेत. रात्री मोठे दिवे बंद, फक्त मांजराच्या डोळ्यांएवढी उजेडाची फट. वेग आवरणारं यंत्र इंजिनाला बसवलेलं असे, ते चालक काढून टाकत, नाहीतर चढावर भरलेला ट्रक रखडे. टायर फाटणं आणि चालकाला डुलकी लागणं, ही दोन मोठी दुखणी. या चालकांशिवाय अमेरिकी जनरल पॅटनचे रणगाडे जागेवर उभे राहिले असते.

आता 'कमी पडत' या आरोपाचं मूळ. १९२५ मध्ये आर्मी वॉर कॉलेजने कृष्णवर्णीय मनुष्यबळावर अहवाल केला आणि त्यांना बुद्धीने व धैर्याने उणे ठरवलं. कसोटी घेतलेली नव्हती, समज आधीच पक्का होता. कसोटी झाली ती नाइलाजाने. डिसेंबर १९४४ च्या आर्देनच्या लढाईत पायदळाची माणसं इतकी पडली की मागच्या तुकड्यांतल्या कृष्णवर्णीयांकडून स्वयंसेवक मागवावे लागले. ४,५०० हून अधिक पुढे आले, सुमारे २,२०० घेतले गेले. अट अशी की सार्जंट असेल त्याने हुद्दा सोडून साधा शिपाई व्हायचं, कारण एरवी गोरा शिपाई काळ्या सार्जंटच्या हाताखाली आला असता. पट्ट्या उतरवून माणसं आघाडीवर गेली.

त्यांच्या प्लॅटून (लहान तुकड्या) गोऱ्या कंपन्यांना (त्यांहून मोठ्या तुकड्यांना) जोडल्या. युद्ध संपताना लष्कराच्याच संशोधन शाखेने त्या कंपन्यांतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि सार्जंटना विचारलं. आधी ६४ टक्के लोक या कल्पनेच्या विरुद्ध होते. सोबत लढल्यावर आपलं मत अधिक अनुकूल झालं असं ७७ टक्क्यांनी सांगितलं. हे निष्कर्ष तेव्हा प्रसिद्ध होऊ दिले नाहीत. आणि लढाई थांबताच या माणसांना त्या डिव्हिजनांतून काढून पुन्हा मागच्या तुकड्यांत धाडलं.

पदकांचंही तसंच. या युद्धात 'मेडल ऑफ ऑनर' ही अमेरिकेची सर्वोच्च शौर्यपदकं चारशेहून अधिक दिली गेली, त्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. नव्वदीच्या दशकात फेरतपासणी झाली आणि १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांना ते मिळालं. त्या दिवशी सातांपैकी एकटे व्हर्नन बेकर हयात होते.

मी गोदीत अनेक वर्षं काम केलं. पोर्ट शिकागोचा स्फोट नेमका कशामुळे झाला, आणि कामास नकार देणं म्हणजे बंड कसं? — एक वाचक, माझगाव, मुंबई

१७ जुलै १९४४ च्या रात्री दहा वाजून अठरा मिनिटांनी कॅलिफोर्नियातल्या या धक्क्यावर दोन जहाजं होती. 'ई. ए. ब्रायन'मध्ये सुमारे ४,६०० टन दारूगोळा भरून झाला होता. 'क्विनॉल्ट व्हिक्टरी' रिकामं, भरायला तयार. धक्क्यावर मालाचे सोळा रेल्वे डबे. ३२० माणसं जागच्या जागी गेली, त्यांत २०२ कृष्णवर्णीय खलाशी. ३९० जखमी. ज्यांची ओळख पटवता आली असे मृतदेह पन्नासच्या आसपास होते.

ठिणगी कोणत्या हातून पडली हे सांगायला धक्क्यावरचा कोणी उरला नाही. पण काम कसं चाले ते नोंदलेलं आहे, आणि आपल्याला त्यातल्या चुका वाचताक्षणी दिसतील. डब्यात बाँब लाकडी आधारांत घट्ट बसवलेले असत. आधार फोडायचे, बाँब फळीवरून घरंगळत खाली आणायचे, जाळ्यात घालायचे, विंचने (दोर गुंडाळून माल उचलणाऱ्या यंत्राने) उचलून जहाजाच्या पोटात उतरवायचे आणि तिथे थर लावायचे. फळीवरून सुटलेला बाँब दुसऱ्यावर आदळणं नेहमीचंच. त्या रात्री 'ब्रायन'च्या एका खणात फ्यूज (स्फोट सुरू करणारा भाग) बसवलेले आगलावे बाँब जात होते. दुसऱ्यात टॉर्पेक्स हे स्फोटक भरलेले पाणबुडीविरोधी बाँब. टॉर्पेक्स साध्या टीएनटीपेक्षा धक्क्याला फार लवकर दाद देतं. एका विंचच्या ब्रेकची तक्रार आधीच होती.

ही झाली यंत्रांची बाजू. माणसांची बाजू जास्त गंभीर आहे. माल भरणारे सगळे कृष्णवर्णीय, अधिकारी सगळे गोरे. खलाशांना नौदलाच्या केंद्रात शिकवलं होतं ते समुद्रावरच्या कामाचं, दारूगोळा हाताळण्याचं एक अक्षरही नाही. बाँबला फ्यूज नसतो, तो फुटूच शकत नाही, असं त्यांना सांगत. काम तीन पाळ्यांत चोवीस तास. उद्दिष्ट प्रत्येक खणामागे तासाला दहा टन, आणि कोणत्या तुकडीने किती भरले ते फळ्यावर लिहिलं जाई. कनिष्ठ अधिकारी आपसांत पैजा लावत. बंदरावर ज्याने काम केलं आहे त्याला वेगळं सांगायला नको की टनांचा फळा टांगला की बाँब हळू ठेवायला कोणी थांबत नाही.

वाचलेल्यांकडून सहकाऱ्यांचे अवशेष गोळा करून घेतले. गोऱ्या अधिकाऱ्यांना तीस दिवसांची रजा मिळाली, खलाशांना मिळाली नाही. चौकशीने अधिकाऱ्यांना दोषी धरलं नाही. तीन आठवड्यांनी, ९ ऑगस्टला, त्याच माणसांना जवळच्या मेअर आयलंड या नौदलाच्या तळावर तेच काम, त्याच पद्धतीने, पुन्हा सांगितलं. ३२८ पैकी २५८ जणांनी नकार दिला. दुसरा कोणताही आदेश पाळू, दारूगोळा भरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ॲडमिरलने येऊन सुनावलं की युद्धकाळातल्या बंडाची शिक्षा गोळी असू शकते. त्यानंतर २०८ जण कामाला तयार झाले. त्यांनाही सोडलं नाही, त्यांचा तीन महिन्यांचा पगार कापला. उरलेल्या पन्नासांवर बंडाचा खटला भरला. त्यांत एकाच्या मनगटाला प्लास्टर होतं, त्याला माल उचलताच आला नसता.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लष्करी कायद्यात आज्ञाभंग वेगळा, बंड वेगळं. बंडासाठी संगनमताने वरिष्ठांची सत्ता झुगारण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. मरणाच्या भीतीने प्रत्येकाने आपापला दिलेला नकार त्यात बसत नाही. थर्गुड मार्शल, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले, ते खटल्याला जाऊन बसत आणि नेमकं हेच जाहीरपणे मांडत. न्यायालयाने ऐंशी मिनिटांत पन्नासही जण दोषी ठरवले. शिक्षा पंधरा वर्षांची, नंतर काहींची कमी केली. जानेवारी १९४६ मध्ये बहुतेक सुटले, पण दोषाचा शिक्का तसाच राहिला. नौदलाने तो अधिकृतपणे पुसला १७ जुलै २०२४ रोजी, म्हणजे बरोबर ऐंशी वर्षांनी. तोवर पन्नासांतलं कोणीही हयात नव्हतं.

रक्तदानातही वर्ण पाहत होते का? — रक्तपेढीतली एक तंत्रज्ञ, सांगली

हो. १९४१ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसने सैन्यासाठी रक्त गोळा करताना कृष्णवर्णीयांना परतच पाठवलं. ओरड झाल्यावर जानेवारी १९४२ पासून घेऊ लागले, पण वेगळी चिठ्ठी लावून, वेगळं साठवून. आपण रोज रक्तगट तपासता, तेव्हा यातला निरर्थकपणा आपल्याला समजावायला नको. त्यातून आघाडीवर जाई तो मुख्यतः सुकवलेला प्लाझ्मा, त्यात तांबड्या पेशीही नसत. प्लाझ्मा मोठ्या प्रमाणावर गोळा करण्याची पद्धत ज्यांनी घालून दिली, ते डॉ. चार्ल्स ड्रू स्वतः कृष्णवर्णीय होते. वर्णाची चिठ्ठी रेड क्रॉसने काढली १९५० मध्ये.

इंग्लंडमध्ये असा कायदा नव्हता. मग तिथे या सैनिकांचं कसं चाललं? — एक वाचक, पुणे

कायदा नव्हता, पण अमेरिकी लष्कर आपले नियम सोबत घेऊन आलं आणि ब्रिटिश सरकारने तिकडे काणाडोळा केला. शहरात जायच्या सुट्टीच्या रात्री वाटून दिल्या जात, एक गोऱ्यांची, एक काळ्यांची. सामान्य लोकांना हे सगळीकडे पटलं नाही. लँकेशायरमधल्या बँबर ब्रिज गावात अमेरिकी अधिकाऱ्यांनी पबमध्ये वर्णबंदी मागितली, तेव्हा पबवाल्यांनी 'फक्त कृष्णवर्णीय सैनिकांसाठी' अशा पाट्या लावल्या.

त्याच गावात २४ जून १९४३ च्या रात्री १५११व्या ट्रक रेजिमेंटचे जवान पबमध्ये होते. गणवेश नीट नाही, पास नाही, म्हणून मिलिटरी पोलीस त्यांना पकडायला आले. गावकरी जवानांच्या बाजूने उभे राहिले. पोलीस परत गेले, कुमक घेऊन आले, रस्त्यात झटापट झाली, गोळ्या सुटल्या. विल्यम क्रॉसलँड हा जवान मेला. छावणीत मशीनगन बसवलेली गाडी शिरल्यावर जवानांनी शस्त्रागारातून रायफली काढल्या आणि पहाटेपर्यंत गोळीबार चालला. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये वांशिक दंगल झाली होती, तिच्या बातम्या छावणीत पोचल्या होत्या. ३२ जण दोषी ठरले, पण शिक्षा लवकरच खूप कमी केल्या. हवाईदलाचे जनरल आयकर यांनी खरा दोष गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाला आणि पोलिसांना दिला. त्यांनी नालायक अधिकारी बदलले आणि गस्तीवर दोन्ही वर्णांचे पोलीस एकत्र ठेवले. त्यानंतर त्या भागात तंटे कमी झाले. म्हणजे उपाय माहीत होता, आणि करायला महिनेही लागत नव्हते.

हे सैनिक भारतात आले होते का? आपल्याकडच्या जातीच्या पलटणींशी याची तुलना होऊ शकते का? — एक वाचक, कामठी

आले होते. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे १५,००० अमेरिकी सैनिक राबले, त्यांतले साठ टक्के कृष्णवर्णीय. ४५वी इंजिनियर रेजिमेंट आणि ८२३वी एव्हिएशन इंजिनियर बटालियन यांनी सुरुवात केली. पाऊस, दरडी, मलेरिया यांत भारतीय मजूरही त्यांच्याबरोबर मोठ्या संख्येने खपले. कलकत्त्यात सुट्टीवर आल्यावर या सैनिकांच्या करमणुकीच्या जागा मात्र वेगळ्या.

तुलना जपून करावी लागते, पण एक धागा खरा आहे. बाँबे आर्मीत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महारांची भरती १८९२ च्या सुमारास 'लढवय्या जाती'च्या सिद्धांताखाली बंद झाली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडली. डॉ. आंबेडकरांनी सतत पाठपुरावा केल्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. दुसरी बटालियन आपल्या कामठीचीच. गरजेपुरतं बोलावणं आणि मग दार लावून घेणं, हे दोन्हीकडे सारखं. बाबासाहेबांचं अमेरिकेतल्या लढ्याकडे लक्षही होतं. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारे अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली होती.

माजी सैनिकांना घर, शिक्षण, कर्ज देणारा १९४४ चा 'जीआय बिल' सर्वांसाठी होता. तरी त्याचा फायदा गोऱ्यांनाच झाला असं म्हणतात. कसा? — एक बँक कर्मचारी, ठाणे

आपल्या टेबलावरूनच हे सर्वांत चांगलं कळेल. सरकार कर्ज देत नव्हतं, हमी देत होतं. सुरुवातीला कर्जाच्या निम्म्या रकमेची, कमाल २,००० डॉलर. डिसेंबर १९४५ नंतर घरासाठी ४,००० डॉलर. सैनिकाने पात्रतेचं प्रमाणपत्र घ्यायचं, घर शोधायचं, बँकेत जायचं. बँकेने 'नाही' म्हटलं की हमी कागदावरच राहायची. गोऱ्या वस्तीत कृष्णवर्णीयाला घर विकायला मनाई करणारी कलमं विक्रीखतातच असत, आणि कृष्णवर्णीय वस्तीतलं तारण बँका जोखमीचं ठरवत. म्हणजे घर मिळे तिथे कर्ज नाही आणि कर्ज मिळे तिथे घर नाही. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या तेरा शहरांच्या पाहणीत या योजनेखालची ३,२२९ कर्जं आढळली. त्यांतली कृष्णवर्णीयांना मिळालेली दोन.

हे अपघाताने झालेलं नाही. मिसिसिपीचे प्रतिनिधी जॉन रँकिन माजी सैनिकांच्या कायद्यांवरच्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते आणि अंमलबजावणी स्थानिक हातांत राहावी याची त्यांनी काळजी घेतली. बेकारभत्ता आठवड्याला २० डॉलर, बावन्न आठवडे. पण रोजगार कार्यालयाने दिलेलं काम नाकारलं की तो बंद. ट्रकचालक किंवा रेडिओ दुरुस्त करणारा म्हणून शिकून आलेल्या माणसाला झाडूकाम द्यायचं, त्याने नाकारलं की भत्ता तोडायचा.

याखेरीज सैन्यातून निळ्या कागदावर मिळणारी मुक्तता होती. सन्माननीयही नाही, अपमानास्पदही नाही, आणि खटल्याविना देता येई. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ मध्ये अशा सुमारे ४८,००० मुक्तता झाल्या, त्यांतल्या २२ टक्के कृष्णवर्णीयांना, जे सैन्यात साडेसहा टक्क्यांच्या आसपास होते. निळा कागद हाती असेल त्याला माजी सैनिकांचं खातं हे सगळे लाभ सहसा नाकारी, आणि नोकरी देणारेही तो रंग ओळखत.

प्रबंधासाठी एखाद्या कृष्णवर्णीय सैनिकाची नोंद शोधायची आहे. भारतातून जमेल का? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

जमेल, वेळ लागेल. सैनिकांच्या वैयक्तिक फायली मिसूरी राज्यात सेंट लुईसच्या राष्ट्रीय केंद्रात आहेत. सेवा संपून ६२ वर्षं झाली की फाइल सर्वांना खुली होते, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या सर्व. मागणीसाठी 'स्टँडर्ड फॉर्म १८०' भरायचा. पूर्ण नाव, सेवाक्रमांक, जन्मतारीख, दल आणि तुकडी जितकं देता येईल तितकं द्या. सेवाक्रमांक नसेल तर नामसाधर्म्यामुळे चुकीची फाइल येते, म्हणून तो आधी भरतीच्या नोंदींतून काढून घ्या.

मुख्य अडचण आगीची. १२ जुलै १९७३ च्या आगीत १९१२ ते १९६० दरम्यान सुटलेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली जळाल्या. 'फाइल नाही' असं उत्तर आलं तर थांबू नका. तुकडीचे रोजचे हजेरी अहवाल मागवा, त्यांत आजारपण, बदली, अटक, मृत्यू हे तारखेनिशी असतं. मुक्ततेच्या वेळच्या पगाराच्या नोंदी वेगळ्या ठेवलेल्या आहेत, त्याही मागता येतात. कोर्टमार्शल झालं असेल तर खटल्याची फाइल स्वतंत्र असते, आणि तिच्यात साक्षी जशाच्या तशा मिळतात. तुमचा सैनिक नौदलातला असेल तर सुदैव, त्या फायलींना त्या आगीची झळ लागलेली नाही.